झुलीखालचे केस

चूक मोठेबाबांची होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी "शेवटी जनावरच ते" वगैरे सुरू करायला नको. चूक कुत्र्याची नव्हती, माझी नव्हती, पोळ्याच्या सणाचीही नव्हती. मोठेबाबांची होती. घरात हे त्यांच्या तोंडावर कुणी बोलत नाही, कारण ते वयानं मोठे आहेत. आमच्याकडे पन्नाशीनंतर चुकीला 'अनुभव' म्हणतात!

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. सरकारी ऑफिसात हेडक्लार्क होते. रिटायर झाले आणि हुकूम सोडायला हाताखाली कुणी उरलं नाही. म्हणून लोहाऱ्याच्या एमआयडीसीत त्यांनी पत्र्याचं एक शेड घेतलं आणि सिक्युरिटी एजन्सी काढली. कापसाचं जिनिंग, गोडाऊन, ट्रकचं यार्ड, जिथं लागेल तिथं वॉचमन पुरवायचा आणि वॉचमनसोबत कुत्रा. वॉचमन उलटून बोलतो, कुत्रा बोलत नाही. मोठेबाबांना धंदा आवडण्याचं खरं कारण हे.

मी इंजिनीअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं. वडील मला शेडवर घेऊन गेले. माझे वडील म्हणजे मोठेबाबांची झेरॉक्स, फक्त शाई कमी. म्हणाले, "दादा, याले काहीच येत नाही."

मोठेबाबांनी मान वर न करता सांगितलं, "मंग ठेव कुत्र्यात."

झाला माझा कॅम्पस इंटरव्ह्यू!

तर शेडमध्ये किस्से कुत्र्याच्या केसांसारखे जमतात. सकाळी झाडून काढा, दुपारी कोपऱ्यात पुन्हा गोळा. शर्टावर केस, डब्यात केस, चहात केस. दोस्त भेटले की अंगावरून एखादा निघतोच. आज सगळेच झाडून काढतो.

त्याआधी एक गोष्ट ध्यानात ठेवा. मोठेबाबांचा नियम होता: जो कुत्रा माणसाला चावला तो जंगलात. पांढरकवड्याकडचं जंगल. तिथं वाघ आहेत, सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. मी यायच्या आधी एक कुत्रा असाच जीपमध्ये बसून गेला होता. जीप रिकामी परत आली.

आणि शेडमधला बादल माझा होता. राखाडी रंगाचा, गावठी, एका कानाचं टोक फाटलेलं. मी कॉलेज सोडलं त्याच आठवड्यात एसटी स्टँडच्या मागे सापडलेलं पिल्लू. घरात ठेवू दिलं नाही, म्हणून शेडवर आणलं. मला कॉलेजात निदान एटीकेटी होती. बादलला तीही नव्हती!

*

पहिल्याच दिवशी मोठेबाबांनी मला ट्रेनिंग दिलं. खुर्चीत बसून, चहा पिता पिता.

"ध्यान देऊन ऐक. शेपूट हलली म्हणजे खुश. केस उभे राह्यले म्हणजे डेंजर. झाला सिलॅबस."

तेवढ्यात गेटवर मीटर रीडिंगवाला आला. आत ब्रुनो मोकळा होता, आमचा जर्मन शेफर्ड. ब्रुनो उठला आणि गेटकडे चार पावलं जाऊन थांबला. तोंड बंद. मान ताठ. शेपूट वर, झेंड्याच्या काठीसारखी, आणि टोकाला बारीक बारीक हलत होती. पाठीवरचे केस मात्र सपाट.

मीटरवाल्यानं विचारलं, "येऊ का आत?"

मोठेबाबा म्हणाले, "या ना, या! शेपूट हलवून राह्यला. ओळख करून घेते तो."

मला तेव्हा काही कळत नव्हतं. पण त्या हलण्यात काहीतरी चुकीचं आहे एवढं दिसलं. खुश कुत्र्याचं बूड हलतं, कंबर हलते, अख्खा कुत्रा हलतो. ह्याचं फक्त टोक हलत होतं. बाकीचा कुत्रा दगड!

मीटरवाला आत आला. ब्रुनोनं ओळख करून घेतली. पँट गुडघ्यापासून खाली उभी फाटली. नशीब, आतला पाय शाबूत राहिला. म्हणून नियमाप्रमाणे ब्रुनो वाचला, कारण चावली ती पँट, माणूस नाही.

मीटरवाला फाटकी पँट धरून म्हणाला, "साहेब, तुम्ही तं म्हणे खुश आहे!"

मोठेबाबांनी कप खाली ठेवला. "शेपूट हलवत होता ना? मंग तुमचंच काहीतरी चुकलं असंल."

*

आमच्या डॉली कुत्रीचा किस्सा सिलॅबसच्या दुसऱ्या धड्यावर आहे.

एका जिनिंगचे शेठजी कुत्रा पाहायला आले. त्यांना 'खतरनाक' पाहिजे होता. पावसाची भुरभुर होती, शेठजींच्या अंगात लांब प्लास्टिकचा रेनकोट. चालले की खडखड आवाज. ते शेडमध्ये शिरले आणि डॉलीच्या मानेपासून शेपटीपर्यंतचे सगळे केस उभे! ब्रशसारखे!

मोठेबाबांना आनंद मावेना. "पाहा शेठजी, पाहा! केस पाहा केस! आग आहे आग!"

शेठजी दोन पावलं मागं सरकले. "बापरे!"

मी डॉलीकडे पाहत होतो. शेपूट पोटाखाली गेलेली. कान मागं चिकटलेले. सगळं वजन मागच्या पायांवर. भिंत मागं नसती तर ती लोहाऱ्यातून पार यवतमाळात गेली असती. ही आग नव्हती. हा काटा होता. आपल्या अंगावर येतो तसाच. भीतीनं येतो, थंडीनं येतो, कुणी आवडतं माणूस अचानक समोर आलं तरी येतो. काटा कशानं आला ते नुसत्या काट्यावरून कळत नाही. बाकीचं माणूस पाहावं लागतं.

मी म्हटलं, "मोठेबाबा, घाबरली ती."

"तुले का समजते बे? कॉलेजात शिकवलं काय?"

शेठजींनी त्याच दिवशी डॉलीला नेलं. दुसऱ्या दिवशी फोन. मोठेबाबांनी स्पीकरवर टाकला, तारीफ सगळ्यांनी ऐकावी म्हणून.

"नमस्कार साहेब. ते तुमची आग."

"हो हो, बोला शेठजी!"

"माझ्या खुर्चीखाली बसली आहे. कालपासून. मी रेनकोट काढला तरी निघून नाही राह्यली!"

*

आमच्या घरात कुत्र्याचं सोडा, माणसाचं शरीर वाचता येतं असं एकच माणूस आहे. मोठीआई. मोठेबाबांची बायको.

एकदा डबा आणायला त्यांच्या घरी गेलतो. मोठेबाबा फोनवर कुणाशी तरी बोलत होते. आवाज साधाच, शांत. मोठीआई पोळी लाटत होती. मध्येच तिनं लाटणं ठेवलं, गॅस बंद केला आणि मला म्हणाली, "चाल, मागं बसू."

"काहून? काय झालं?"

"चल म्हणलं ना."

आम्ही मागच्या अंगणात जाऊन बसतो न बसतो तोच आत मोठेबाबा फुटले! फोनवरच्या माणसाचा बाप, आजा, सगळे उद्धरले. मग घरातल्या भांड्यांवर राग. मग मोठीआईच्या नावानं हाक. ती अंगणात लसूण सोलत बसली होती.

मी विचारलं, "तुले कसं कळलं? आवाज तर काहीच नव्हता."

"चष्मा काढला त्यायनं."

"मग?"

"मंग काय! हे चिडाच्या आधी चष्मा काढते. लग्न झाल्यापासून पाहून राह्यली मी. आवाज नंतर येते, चष्मा आधी." लसणाची पाकळी वाटीत टाकून म्हणाली, "ज्याले मार खा लागते ना बापू, त्याले वाचता येतेच."

मी हसलो. ती हसली नाही.

*

राठोडभाऊंचं पण सांगितलं पाहिजे. आमचा सगळ्यात जुना वॉचमन. गाव महागावकडचं, तांड्यावरचा. कमी बोलतो, पण जे बोलतो ते नेमकं चुकीच्या वेळी बोलतो.

बादल मोठा झाल्यावर त्याची आणि राठोडभाऊची ड्युटी काही दिवस पांढरकवड्याच्या हायवेवर, एका ट्रक यार्डात लागली. मी डबा आणि कुत्र्याचं खाणं घेऊन जायचो. एका दुपारी पोचलो तर यार्डात कुणी हलत नव्हतं. मधोमध एक पंजाबी ड्रायव्हर उभा आणि त्याच्यापुढे सातआठ हातांवर बादल. साखळी तुटलेली.

बादलचे केस मानेवर उभे होते. शेपटीच्या बुडाशी उभे होते. मधली पाठ मात्र गुळगुळीत. पुढचा कुत्रा म्हणत होता जातो अंगावर, मागचा म्हणत होता पळतो. असा कुत्रा सगळ्यात वाईट. त्याचं त्यालाच ठरत नाही. अशा वेळी समोरचा माणूस जे करेल त्यावरून तो ठरवतो.

राठोडभाऊ माझ्या कानात पुटपुटला, "याडी ये... गेला हा." याडी म्हणजे आई. ड्रायव्हर गेला म्हणत होता की बादल गेला, ते मी विचारलं नाही. चावला असता तर दोघंही गेलेच असते.

मी हाक मारायला तोंड उघडलं. ड्रायव्हरनं हाताच्या बोटानंच मला थांबवलं. मग तो हळूच तिरका झाला. बादलकडे पाहणं सोडलं. पार पाठ फिरवली आणि तिथंच, डांबराच्या डागांवर, मांडी घालून बसला. खिशातून बिस्किटचा पुडा काढला. एक स्वतः खाल्लं, एक बाजूला टाकलं. बादलकडे नाही, बाजूला.

हायवेवरून ट्रक जात होते तेवढाच आवाज.

आधी बुडाजवळचे केस बसले. मग बादलनं अंग झटकलं, पाण्यातून निघाल्यासारखं. मग मानेवरचे बसले. मग त्यानं येऊन बिस्किट हुंगलं.

मी धावत जाऊन पट्टा धरला. ड्रायव्हरला विचारलं, "पाजी, डर नहीं लगा?"

तो म्हणाला, "लगा ना! ये भी डरा हुआ, मैं भी डरा हुआ। मैंने सोचा, दोनों बैठ जाते हैं।"

हे मी मोठेबाबांना सांगितलं. ते म्हणाले, "कुत्र्याले पाठ दाखवते? बिनडोक माणूस." ह्या माणसानं आयुष्यात कुणापुढे बसून घेतलेलं नाही. कुत्र्यापुढे काय बसणार!

*

आता गुरगुरण्याचा किस्सा. ह्यात हसण्यासारखं थोडंच आहे.

बादल आणि ब्रुनो खेळत होते. बादल पुढचे पाय जमिनीला टेकवून, बूड वर करून, जीभ बाहेर टाकून ब्रुनोला डिवचत होता. जोरात खेळताना त्याच्या पाठीवर काटा यायचाच. मोठेबाबा बाहेर आले, त्यांना केस दिसले. सिलॅबसप्रमाणे केस उभे म्हणजे डेंजर. त्यांनी बादलीभर पाणी दोघांवर फेकलं आणि पाइपचा तुकडा घेऊन बादलच्या पाठीत हाणला.

बादल त्यांच्याकडे वळला आणि गुरगुरला. पहिल्यांदाच.

"माझ्यावर? माझ्यावर गुरगुरते?" मोठेबाबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ऑफिसात शिपायानं खुर्ची ओढून घेतल्यासारखा. "हे चालणार नाही. मालकावर गुरगुरणं बंद म्हणजे बंद!"

त्या दिवसापासून मोहीम सुरू झाली. बादल गुरगुरला की पाइप. ताटलीजवळ कुणी गेलं म्हणून गुरगुरला, पाइप. अंगावर वाकून डोक्यावर हात ठेवला म्हणून गुरगुरला, पाइप. मी मध्ये पडलो तर मलाही एक बसला. तो मी मोजत नाही, आमच्या घरात तो संस्कारात धरतात.

पावसाळ्याच्या मध्यापर्यंत बादल गुरगुरायचा थांबला. मोठेबाबांनी त्याच्या ताटलीत हात घालून दाखवला. बादल गप्प. नुसता थिजून उभा, तोंड बंद, नजर तिरपी.

"पाह्य! सुधारला की नाही?"

मी म्हटलं, "मोठेबाबा, तुम्ही गाडीचा हॉर्न काढला. गाडी तशीच पळून राह्यली."

"इंजिनीअरिंग अर्धं सोडलं का असेच उदाहरणं सुचते!"

वॉचमन लोक हसले. वडील पण होते, ते सगळ्यात मोठ्यानं हसले. बादलनं जांभई दिली.

मोठेबाबा म्हणाले, "झोप आली गरिबाले."

भरदुपारी, पाइप हातात घेतलेल्या माणसासमोर, झोप!

*

आणि मग पोळा.

आमचं घर ऑफिसवाल्यांचं. दोन पिढ्यांत दावणीला बैल नाही. पोळ्याच्या दिवशी दुसऱ्यांचे बैल पाहायचे, गूळ-पुरणपोळी खायची, झालं. मोठेबाबांना मात्र ते लागायचं. लोक तोरणाखाली सजवलेल्या जोड्या घेऊन उभे राहतात, झडत्या म्हणजे पोळ्याची गाणी म्हणतात, मान मिळतो. ह्यांना कुणी बोलवत नाही. त्यांच्या डोक्यात आलं, आपल्या धंद्याचे बैल कोण? कुत्रे! मग कुत्र्यांचा पोळा करू. शेठजी प्रमुख पाहुणे. तेच, रेनकोटवाले.

ब्रुनो तेव्हा एका गोडाऊनवर होता. डॉली शेठजींच्या खुर्चीखाली. हाती लागणारा एकच. बादल.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढून दुखावलेले असतात म्हणून तूप-हळद लावून मळतात आणि दुसऱ्या दिवसाचं जेवणाचं आवतण देतात. मोठेबाबांनी हे सगळं बादलला केलं. ज्यानं जू कधी पाहिलं नाही, त्याचे खांदे! मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत तूप-हळद चोपडली. राठोडभाऊ बादलला धरून उभा. त्यानं पोळ्याची सुटी मागितली होती, मिळाली नव्हती. महागावला त्याच्या स्वतःच्या बैलांचे खांदे त्याचा भाऊ शेकत होता आणि हा इथं कुत्रा धरून!

बादल मान दुसरीकडे वळवून नाक चाटत होता. पुन्हा पुन्हा.

"तूप आवडलं त्याले," मोठेबाबा म्हणाले. मग हात जोडून, पाहुण्यांना म्हणावं तसं म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या!"

मी पाहिलं. मानेवरचे सगळे केस पिवळ्या तुपात चिकटून अंगाला बसले होते. आता ते उठायचे म्हटले तरी उठणार नव्हते.

"मोठेबाबा, हे धुऊन टाकू."

"सणाची हळद धुते? तुह्या बापानं हेच शिकवलं?"

माझा बाप तिथंच उभा होता. तुपाची वाटी धरून.

दुसऱ्या दिवशी दुपारी सजावट झाली. शिंप्याकडून शिवून आणलेली लाल मखमलीची झूल, आरसे लावलेली, मानेपासून शेपटीपर्यंत. गळ्यात घुंगरांची माळ. कपाळावर बाशिंग, त्याचा दोरा दोन्ही कानांवरून घट्ट. शेपटीला भलामोठा गोंडा, त्याच्या वजनानं शेपूट खाली लोंबलेली.

कान बांधले. शेपूट बांधली. केस तुपात चिकटवले, वरून झाकले. आवाज आधीच बंद केलेला. कुत्र्याजवळ बोलायला जे जे असतं ते सगळं मोठेबाबांनी काढून घेतलं. उरले डोळे आणि दात.

शेठजी आले. हार-तुरे झाले. ते म्हणाले, "वा! किती शांत कुत्रा आहे हो!"

मोठेबाबा फुलले. "ट्रेनिंग!"

मला फोटो काढायचं काम दिलं होतं. मी मोबाइल धरून उभा. स्क्रीनवर बादलचा चेहरा मोठा केला. तोंड घट्ट मिटलेलं. डोळ्याच्या कडेला पांढरं दिसत होतं, चंद्राच्या कोरीसारखं. तो मोठेबाबांकडे पाहत नव्हता, पण डोळा त्यांच्यावरच होता.

वॉचमन लोकांनी झडती म्हटली, मागून सगळे ओरडले, "हर बोला, हर हर महादेव!" पत्र्याचं शेड, आवाज घुमला. मोठेबाबांनी पुरणपोळी ताटलीत ठेवली आणि कुंकवाचं बोट घेऊन बादलच्या अंगावर वाकले. वरून. तोंडासमोर तोंड.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की घुंगरं वाजत नाहीत.

सकाळपासून ती वाजत होती. बादलनं श्वास घेतला तरी वाजत होती. आता काहीच नाही. इतका थिजला होता तो.

मी मोबाइल खाली घेतला. "मोठेबाबा, मागं व्हा. झूल काढा त्याची."

"तू चूप. फोटो काढ."

"मोठेबाबा, खरंच सांगतो, हळूच मागं..."

"मोठ्या माणसाले मधात बोलू नये, एवढंबी शिकला नाही काय बे?" त्यांनी डावा हात बादलच्या मानेमागं टाकून त्याचं डोकं स्वतःकडे ओढलं आणि उजवा हात कपाळाकडे नेला.

घुंगरं एकदाच वाजली.

*

सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं मोठेबाबांचा हात उघडला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "जखमेत हळद भरून आणली? किती वेळा सांगायचं तुम्हा लोकांना!"

राठोडभाऊ मागून म्हणाला, "नाई डॉक्टरसाहेब. हळद कुत्र्याची आहे."

डॉक्टरनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी सांगितलं की कुत्र्याला रेबीजचं इंजेक्शन वेळेवर दिलेलं आहे, पिसाळलेला नाही. त्यानं मोठेबाबांना विचारलं, "चावायच्या आधी काही इशारा दिला होता का?"

"काहीच नाही!" मोठेबाबा म्हणाले. "एकदम अचानक!"

घरी आलो. सगळे बैठकीत बसले. मोठेबाबा सोफ्यावर, उजवा हात बँडेजमध्ये, केळफुलाएवढा. माझे वडील त्यांच्या शेजारी. मी आणि राठोडभाऊ दारात. बादल बाहेर, आंब्याला बांधलेला. झूल मी फाडून काढली होती. हळद तशीच होती.

"जीप काढ," मोठेबाबा वडिलांना म्हणाले. आवाज शांत होता. "उजेड आहे तोवर पांढरकवड्याले पोचते."

वडील उठू लागले. मी दारात आडवा झालो. "बाबा, जीपला हात लावायचा नाही."

"ऐकलं काय? आता हा सांगणार आपल्याले!" मोठेबाबा म्हणाले, आणि डाव्या हातानं त्यांनी चष्मा काढला.

मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. मोठीआई हात पुसत बाहेर आली. मागच्या दाराकडे नाही गेली. सरळ येऊन मोठेबाबांच्या समोरच्या खुर्चीत बसली.

"चष्मा घाला."

"काय?"

"चष्मा घाला म्हणते. कुत्रं कुठीच जात नाई. त्याले न्याचं असंल तं जीपमध्ये मीबी बसते. मलेबी तिथंच सोडून द्या."

वडील अर्धे उठलेले तसेच राहिले. मोठेबाबांनी तोंड उघडलं, एकेकाकडे पाहिलं. शेवटी नजर राठोडभाऊवर गेली. एजन्सीच्या तीस माणसांत एकटा गप्प बसणारा माणूस, आपली बाजू घेईल असं वाटलं असेल.

राठोडभाऊनं पायातल्या चपलांकडे पाहत सांगितलं, "साहेब, आवतण तं तुम्हीच देल्लं होतं. उद्या जेवाले या म्हणून."

मोठेबाबांनी चष्मा घातला. एका हातानं घालायला वेळ लागला.

बादल आता मोठीआईच्या ओसरीत असतो. एजन्सीला कुत्रे राहिले नाहीत, मीही नाही. परवा मोठेबाबा पेपर घ्यायला ओसरीत आले, तेव्हा बादल गुरगुरला. मोठेबाबा जागच्या जागी थांबले.

त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा वळत नाही.